बाबांच्या नावाचं दुसरं खातं

बाबांच्या नावाने फेसबुकवर उघडलेलं खोटं खातं बाबांच्या फोनवर कधीच दिसलं नाही. हे आधीच सांगते, कारण सुरुवातीची आमची सगळी गल्लत इथेच झाली. गावातून कुणीतरी फोन करायचं, "गुरुजी, तुमची आणि एक रिक्वेस्ट आलीया बघा, घेऊ काय?" बाबा फोन उघडून स्वतःचं नाव शोधायचे, त्यांना आपलंच जुनं खातं दिसायचं. "कुठं काय हाय? उगाच कायतरी," म्हणून फोन खाली ठेवायचे. मी शोधलं, मलाही दिसेना. पुण्याला असलेल्या भावालाही दिसेना. मग बेळगावात ऑफिसातल्या मैत्रिणीला म्हटलं, तू शोध बघू. तिच्या फोनवर मात्र दोन बाबा शेजारी शेजारी उभे होते, दोघांच्या खांद्यावर तीच शाल आणि हातात तोच नारळ.

उलगडा साधा होता. खातं उघडणाऱ्याने सगळ्यात आधी बाबांना ब्लॉक केलं होतं. मग बाबांच्या मित्रयादीत आमच्या आडनावाचे जेवढे सापडले तेवढ्यांना. ब्लॉक केलेल्या माणसाला ते खातं दिसतच नाही, शोधूनही सापडत नाही. म्हणजे ज्याच्या नावाची चोरी झाली तो आणि त्याचं घर सोडून बाकी सगळ्या जगाला चोर दिसतो. 'आम्हाला तर काही दिसत नाही' या उत्तराला म्हणूनच काही अर्थ नसतो. लांबच्या, वेगळ्या आडनावाच्या माणसाला बघायला सांगायचं.

बाबांची थोडी ओळख करून दिली पाहिजे. खानापूर तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत त्यांनी आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर भावाने फोन घेऊन दिला आणि खातं उघडून दिलं. शिकवलेली मुलं गोव्यात, कोल्हापुरात, पुण्यात, आखातात आणि निम्मी-अर्धी फौजेत. ती सगळी हळूहळू तिथे गोळा झाली. कुणाला मुलगी झाली, कुणाचं ट्रॅक्टर आलं, कुणाची आई गेली, सगळं बाबांना तिथे कळतं. सकाळी चहा झाला की ते चष्मा लावून प्रत्येकाला एकेक ओळ लिहितात. मित्रयादी उघडी, फोटो उघडे, वाढदिवस उघडा. चोराला यापेक्षा जास्त काय लागतं?

मैत्रिणीच्या फोनवर ते खातं मी नीट बघितलं. प्रोफाइलचा फोटो निरोप समारंभाचा, तोही कापून घेतलेला, त्यामुळे शाळेच्या फलकाची डावी बाजू गायब. मागचा मोठा फोटो आमच्या अंगणातल्या गणपतीचा. चार-पाच फोटो, पण सगळे एकाच दिवशी टाकलेले. त्यांखाली 'नमस्कार गुरुजी' अशा प्रतिक्रिया, आणि एकालाही उत्तर नाही. आमचे बाबा 'नमस्कार'ला उत्तर न देता राहतील हे अशक्य. खात्याच्या मित्रयादीत आमच्या पंचक्रोशीतली माणसं भरलेली, पण घरचं एकही नाही, सख्खा काकासुद्धा नाही. आपण बहुतेक वेळा फोटो बघून ओळखायला जातो, आणि फोटो तर खराच असतो. खोटेपणा दिसतो तो या अशा रिकाम्या जागांत. नेटवरून फोटो उचलून परक्या नावाने उघडलेलं खातं असेल तर गुगल लेन्सवर फोटो टाकून मूळ माणूस सापडतो. ओळखीच्याच माणसाची हुबेहूब नक्कल असेल तेव्हा लेन्सचा काही उपयोग होत नाही. इन्स्टाग्रामवर खात्याच्या मेन्यूत 'अबाउट धिस अकाउंट' असतं, तिथे खातं कधी उघडलं ते कळतं. साठी ओलांडलेल्या माणसाचं खातं गेल्याच महिन्यात उघडलेलं असेल तर फोन उचलून विचारावं.

रिक्वेस्ट घेतली की लगेच मेसेज येत होता. हिंदीत. "हॅलो, कैसे हो?" मग "अपना व्हॉट्सॲप नंबर भेजो." बाबा विद्यार्थ्यांशी हिंदीत बोलतील ही कल्पनाच हसू येण्यासारखी आहे, पण त्या पोरांना हसू आलं नाही. "आम्हाला वाटलं, नवीन फोनवर मराठी टायपिंग जमत नसेल," असं एकाने नंतर सांगितलं. माणूस आपल्या मनानेच चोराची बाजू सावरून घेतो.

पैसे मात्र 'गुरुजी' स्वतः मागत नव्हते, निदान सगळ्यांकडे नाही. आमच्या भागात चाललेला डाव वेगळा होता. 'माझा एक मित्र सीआरपीएफमध्ये ऑफिसर आहे, त्याची बदली झाली आहे, घरचं सगळं सामान स्वस्तात काढतोय, मी खात्री देतो, तू घे.' मग दुसऱ्या नंबरवरून त्या 'ऑफिसर'चा मेसेज. फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा, एसी, दिवाण यांचे फोटो, वर्दीतला फोटो, ओळखपत्राचा फोटो, कँटीन कार्डाचा फोटो. सामान फौजी ट्रकने घरपोच येणार, फक्त वाहतुकीचे आधी भरायचे. हा डाव देशभर चालतो, आणि राजस्थान-हरियाणाच्या सीमेवरचा मेवात भाग अशा टोळ्यांसाठी बदनाम आहे. पण बेळगावात तो जास्त चपखल बसतो. इथे मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, सांबऱ्याला हवाई दलाचं केंद्र, खानापूरजवळ सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र. बदली झालेला साहेब सामान विकून जातो हे आमच्याकडे खरोखर घडतं. कँपातून असं घेतलेलं लाकडी कपाट आमच्याच घरात आहे. वर्दीला आमच्याकडे मान आहे आणि गुरुजींनाही. चोराने दोन्ही एकत्र जोडले, त्याला ते माहीत असो वा नसो.

या सगळ्यात बाबांना सर्वांत जास्त लागली ती एक भेट. एका दुपारी शेजारच्या वाडीवरची एक म्हातारी आली. उन्हातून चालत आलेली. आईने पाणी दिलं, ते पिऊन झाल्यावर तिने लुगड्याच्या सोग्याची गाठ सोडली आणि पाचशेच्या नोटांची घडी बाबांच्या पुढ्यात ठेवली. "पोरानं फोन केलता दुबईस्नं. तुमास्नी अडचण हाय म्हनाला. ठेवून घ्या." त्या मुलाला खोट्या खात्यावरून 'दवाखान्यात आहे, तातडीने पाहिजेत' असा मेसेज गेला होता, सोबत क्यूआर कोड. गुरुजींना असे कोडवर पैसे टाकणं त्याला बरं दिसेना, म्हणून त्याने आईला सांगितलं, तू स्वतः जा आणि हातात दे. त्याचे पैसे वाचले ते या रीतभातीमुळे.

बाबांनी घडी परत तिच्या हातात दिली. जरा रागानेच विचारलं, "पण मला एक फोन तरी करायचा की नाही त्यानं?"

"कसं इचारायचं हो गुरुजी? मागनाऱ्याला कोन परत इचारतंय?"

मी तिथेच बसले होते. पुढे जे काही केलं त्याची दिशा मला त्या वाक्याने दिली. ते खातं चाललं होतं ते लोकांच्या भिडेवर. पैसे मागणाऱ्या मोठ्या माणसाला उलट विचारणं आपल्यात वाईट दिसतं. अडचणीत सापडलेल्या गुरुजींना 'खरंच तुम्हीच ना?' म्हणणं म्हणजे त्यांची लाज काढणं. अमुक चिन्हं बघून खोटं खातं ओळखा असं कितीही समजावलं, तरी ही भीड मोडल्याशिवाय माणूस फोन करत नाही. म्हणून त्या संध्याकाळी बाबांच्या आवाजात एक मिनिटाचा संदेश रेकॉर्ड केला आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. 'मी कुणाकडे पैसे मागितलेले नाहीत. मागितले तर मला फोन करून विचारा, मला राग येणार नाही. न विचारता दिलेत तर येईल.' शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं. लिहिलेलं कुणी वाचलं नसतं, पण गुरुजींचा आवाज म्हटल्यावर तो गोव्यापासून मस्कतपर्यंत फिरला.

तो संदेश ऐकूनच चंदगडच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. त्याने त्याच दिवशी सकाळी सामानासाठी पैसे भरले होते. २१ हजार. आधी वाहतुकीचे, मग जीएसटीचे, मग 'नोंद चुकली, पुन्हा भरा, आधीचे परत येतील' म्हणून आणखी. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव दिसलं होतं, तेव्हा 'त्या आमच्या अकाउंट्सच्या मॅडम' असं उत्तर मिळालं. यूपीआयवर पिन टाकायच्या आधी दिसणारं नाव हे बँकेतलं नाव असतं. सगळं सोंग वठवता येतं, तेवढं नाव बदलता येत नाही. शेवटी 'पैसे परत देतो' म्हणून त्याला एक कोड पाठवला होता, स्कॅन करून पिन टाक म्हणून. तिथे तो थांबला, कारण पैसे घ्यायला पिन लागत नाही हे त्याला पेट्रोल पंपावर काम करताना ठाऊक झालं होतं.

त्याला सांगितलं, आमच्याशी बोलत बसू नकोस, आधी १९३० लाव. हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर यंत्रणेचा हेल्पलाइन नंबर. आधी १५५२६० होता, तो बदलून १९३० झाला. त्याने चंदगडहून लावला, तो महाराष्ट्राच्या यंत्रणेकडे गेला. आम्ही लावला असता तर कर्नाटकाकडे गेला असता, आणि पैसे त्याचे असल्यामुळे तक्रार त्यानेच करायची होती. तिकडून विचारतात ते नेमकं विचारतात. कुठल्या बँकेतून गेले, किती वाजता, किती, कुठल्या यूपीआय आयडीवर, आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर. हा बारा आकडी नंबर ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. आमच्या गड्याने आधी फर्निचरची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर पलीकडच्या बाईंनी मध्येच थांबवून नंबर मागितला. त्यांचं बरोबर होतं. तक्रार नोंदली की ती पुढच्या बँकेकडे जाते आणि रक्कम जिथे सापडेल तिथे अडवली जाते. चोरही हे जाणून असतो, म्हणून पैसे एका खात्यात थांबत नाहीत. ही खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात, गरीब माणसाच्या नावावर उघडलेली. आमच्या विद्यार्थ्याची रक्कम पुढच्या दोन खात्यांत फुटून गेली होती. एकात काहीच नव्हतं, दुसऱ्यात निम्म्याहून थोडी कमी शिल्लक सापडली, ती गोठवली.

त्याच्या बँकेने मात्र हात वर केले. पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांना संरक्षण देतो, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर काही परिस्थितींत पूर्णच. पण आपल्याच हाताने पिन टाकला असेल तर त्याची ढाल करता येत नाही. म्हणून भिस्त सगळी १९३० वर.

इकडे खातं बंद करायचं वेगळंच प्रकरण. लोक हे दोन मार्ग एकत्र करतात. पैशाची तक्रार केली की खातं जाईल असं समजतात, किंवा खातं रिपोर्ट केलं की पैसे येतील असं. दोन्ही स्वतंत्र. खातं पाडायचं तर पहिली गोष्ट म्हणजे त्याची लिंक. स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण त्या नावाची खाती शेकड्याने असतात आणि नाव बदलता येतं. लिंकमधला आकडा बदलत नाही. मैत्रिणीने खात्यावरचे तीन ठिपके दाबून लिंक कॉपी करून पाठवली, ती मी वहीत लिहून ठेवली आणि स्वतःलाच मेल केली. चोराला चाहूल लागली की तो तुम्हालाही ब्लॉक करतो, मग लिंक कुठून आणणार?

मग विद्यार्थ्यांना सांगितलं, रिपोर्ट करा. त्यातही सगळे 'खोटं खातं' एवढंच निवडत होते. त्यापुढे 'हा दुसऱ्या कुणाचं सोंग घेतो आहे' असा पर्याय येतो, त्यात 'माझा मित्र', आणि मित्र म्हणून खरं खातं निवडून द्यावं लागतं. हे ग्रुपवर एकाने फोनचा व्हिडिओ करून दाखवलं तेव्हा लोकांना जमलं. तरी बहुतेकांना उत्तर आलं ते आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही, असं. यंत्र वाचतं आणि यंत्रच उत्तर देतं.

तेव्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याचा रस्ता धरला. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे अशा प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच नियमांत तोतयागिरीसाठी वेगळी तरतूद आहे. ज्याचं सोंग घेतलं त्याने किंवा त्याच्या वतीने कुणी तक्रार केली तर ते खातं हटवण्यासाठी तेव्हा २४ तासांत पावलं उचलावी लागत, २०२६ मध्ये ही मुदत आणखी कमी झाली. तिथेही दाद लागली नाही तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. आमच्यावर ती वेळ आली नाही. कंपनीच्या मदत पानावर तळाशी कुठेतरी हा फॉर्म असतो. ओळखपत्र जोडायचं असतं, आणि इथे आमचं सीमाभागपण आडवं आलं.

बाबांचं खरं खातं देवनागरीत, पुढे 'गुरुजी' लावलेलं. आधार कार्डावर नाव कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, कारण कर्नाटकातलं आधार तसंच छापून येतं. त्यातही इंग्रजी स्पेलिंग कन्नड उच्चाराला धरून, वडिलांचं नाव निम्मं कापलेलं. म्हणजे फॉर्मवर एक माणूस, कार्डावर दुसरा, खात्यावर तिसरा. फॉर्म परत आला, ओळख पटत नाही म्हणून. खऱ्या माणसाला 'तूच तू कशावरून' विचारणाऱ्या यंत्रणेने खोट्याला मात्र एकदाही विचारलं नव्हतं. आईने यावर जे उद्गार काढले ते इथे लिहिता येणार नाहीत. आमच्या भागातल्या घरोघरी हे नावांचं त्रांगडं आहे. रेशन कार्ड, सातबाऱ्याऐवजी असलेला आमचा कन्नड उतारा, शाळेचा दाखला, कुठेच एक नाव दुसऱ्याशी जुळत नाही. शेवटी बाबांच्या खऱ्या खात्यात आधारवरचं इंग्रजी नाव 'दुसरं नाव' म्हणून जोडलं, त्यांच्या नावापुढचं 'गुरुजी' काढलं (यावर ते दोन दिवस रुसले), आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत आणि सोबत पेन्शनच्या पुस्तकाचं पहिलं पान जोडलं. पुन्हा फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या फोनवर ते खातं उघडेना.

पोलिसांत जायचं की नाही यावर घरात मतभेद होते. बाबांचे पैसे गेले नव्हते. पण पुढे कुणी दारात येऊन 'तुमच्या नावाने माझे गेले' म्हणाला तर हातात कागद हवा, हे माझं म्हणणं. शिवाय चंदगडच्या तक्रारीत बाबांचं नाव येणारच होतं. पहिल्यांदा ज्या ठाण्यात गेलो तिथे 'हे आमच्याकडे नाही, सायबरला जा' झालं. खरं तर हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून पुढे पाठवायची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. पण आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे अशा गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टर किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, त्यामुळे तो कधी ना कधी तिकडेच जाणार होता. कर्नाटकात सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी सीईएन ठाणी आहेत. बेळगावात शहर आयुक्तालयाचं वेगळं आणि जिल्हा पोलिसांचं वेगळं. आमचं गाव जिल्ह्यातलं, म्हणून जिल्ह्याच्या ठाण्यात.

अर्ज मी कन्नडमध्ये लिहून नेला होता. मी मराठी माध्यमाची, कन्नड बोलते झकास, पण सरकारी कन्नड म्हणजे दातांखालचा खडा. ऑफिसातल्या सहकाऱ्याने तो सरळ करून दिला. टेबलामागच्या हवालदारांनी विचारलं, "एनागेत्री?" म्हणजे काय झालंय. मी म्हटलं, "फेक अकाउंट माड्यार्री, नम्म अप्पार हेसरल्ले," आमच्या वडिलांच्या नावाने खोटं खातं उघडलंय. त्यांनी बाबांकडे बघितलं, टोपी, धोतर, हातात पिशवी. मग मराठीत म्हणाले, "बसा की हो गुरुजी, उभं का?" पुढचं सगळं बोलणं दोन्ही भाषांत मिसळून झालं, इथे नेहमी होतं तसं.

अर्जात मी आमची हकीकत पानभर लिहिली होती. साहेबांनी ती वाचली नाही असं नाही, पण पेन फिरलं ते तीनच ठिकाणी. लिंक, ज्या नंबरवरून व्हॉट्सॲप आलं तो नंबर, आणि चंदगडच्या तक्रारीचा पावती क्रमांक. संभाषण कुणीही पुसू नका, ब्लॉकसुद्धा आधी सगळं जतन करून मग करा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. चॅट 'एक्स्पोर्ट' करून ठेवायची आणि मूळ फोनही सांभाळायचा. उद्या कोर्टात जायचं झालं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी यालाच ६५-ब म्हणत. कलमं लागली ती आयटी कायद्याची ६६-क आणि ६६-ड, दुसऱ्याची ओळख वापरणं आणि संगणकाच्या आधारे सोंग घेऊन फसवणं. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तो फोन नंबर मी घरी येऊन 'संचार साथी'च्या चक्षू सुविधेवरही टाकला. फसव्या कॉल-मेसेजसाठी दूरसंचार विभागाने ती २०२४ मध्ये सुरू केली.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "सापडंल काय गं?" मी म्हटलं, तो सापडेल की नाही ते सोडा, कागद सापडला. पोहोच पिशवीत नीट घडी घालून ठेवली त्यांनी.

ठाण्यात बसलेलो असताना एक विषय निघालाच, आणि तो आमच्याकडे निघतोच. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला होता, तेव्हा दिल्लीत १४ तारखेला गृहमंत्री अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून बैठक घेतली होती. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की बड्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी वातावरण बिघडवायला हातभार लावला, आणि अशांवर गुन्हे दाखल होतील. त्यावर राजकारण पुष्कळ झालं, त्यात मी शिरत नाही. पण एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी माणसांचा काळा दिवस, जवळ आला की आमच्या फोनवर अशी खाती उगवतात हे इथल्या कुणालाही विचारा. नाव मराठी किंवा कन्नड, प्रोफाइलला झेंडा किंवा महाराजांचा नाहीतर राणी चन्नम्मांचा फोटो, आणि स्वतःच्या गावाचा, शेताचा, पोराबाळांचा एक शब्द नाही. नुसत्या शिव्या. पैसे मागणाऱ्या खात्यापेक्षा मला ही जास्त घातक वाटतात, कारण इथे फसलेल्याला आपण फसलो हे कळतच नाही. एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, नोव्हेंबर २०२५ मध्ये खातं कुठल्या देशातून चालतं ते दाखवायला सुरुवात केली. आपलं ठिकाण लपवणारं व्हीपीएन वापरलं तर ते चुकू शकतं, तरी 'बेळगावचा कट्टर' म्हणवणारा कुठे बसलाय हे एकदा बघून घ्यायला हरकत नाही.

बाबांच्या खात्याची दुरुस्ती करताना खरी झटापट घरातच झाली. मित्रयादी फक्त स्वतःला दिसेल अशी करणं, हे सगळ्यात उपयोगी. चोराला गिऱ्हाईकं तिथूनच मिळतात. ते त्यांनी पटकन मान्य केलं. जुन्या पोस्ट फक्त मित्रांना दिसतील असं केलं. जन्मतारीख झाकली. पण प्रोफाइल लॉक करायला ते तयार होईनात. "इतक्या वर्षांनी एखादं पोरगं शोधत येतंय, त्याला मी दार बंद दाखवू?" भाऊ म्हणाला, करूनच टाक, त्यांना काय कळणार आहे. मी केलं नाही. खातं त्यांचं आहे. फक्त वर एक ओळ त्यांच्याकडून लिहून घेतली, माझं हे एकच खातं आहे आणि मी इथे कुणाकडे पैसे मागत नाही.

चंदगडच्या विद्यार्थ्याची गोठलेली रक्कम आपोआप खात्यात आली नाही. त्यासाठी तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता. त्याने पोलिसांमार्फत अर्ज केला आहे आणि तारखा चालू आहेत. उरलेली गेली ती गेलीच, असं तो स्वतःच म्हणतो.

मागच्या महिन्यात पुन्हा एक खातं निघालं, या वेळी बाबांच्या नावात मधलं नाव घालून. एका माजी विद्यार्थिनीने रिक्वेस्ट येताच बाबांना व्हिडिओ कॉल लावला, लिंक मला पाठवली. फॉर्म आता पाठ झालाय, कागदांचे फोटो फोनमध्ये तयार असतात. जेवणाच्या सुट्टीत भरला आणि दुसऱ्या दिवशी खातं गेलं.